नावातलं न चालणारं

आबेरिस्टविथच्या चढावरल्या दप्तरखान्यात
हेडविन प्रॉसर आपला जुना मॅक घेऊन आला,
टॉवेलात गुंडाळलेला,
नुकत्याच अंघोळ घातलेल्या कुत्र्यासारखा.
एकतीस वर्षं डोंगरपल्याड टपाल वाटलेला माणूस.
आत दारोदारचे फोटो, अकराशे चार.
"नावं माझी आहेत," म्हणाला. "सांभाळ."

नावं अशी:
गिट्टोचं फाटक?
पूल, पुराआधी/नंतर
मेरेरिड म्हणते, "हा माझा भाऊ नव्हे"
आणि एक नुसतंच
??

आमचं विंडोज सोवळ्यातलं.
त्याला प्रश्नचिन्ह चालत नाही, अवतरण चालत नाही,
शेवटी टिंब दिसलं तर गुपचूप गिळून टाकतं.
मॅकची तिरकी रेघ तर वरून रेघ,
पोटात उतरल्यावर विसर्ग.
पलीकडच्या खोलीतल्या लिनक्सला जवळजवळ सगळं चालतं,
पण मोठ्या एमची मारी आणि लहान एमची मारी
त्याच्या लेखी दोन बायका.
विंडोजच्या लेखी एकच;
दुसरी दारात आली की विचारतं, पहिली पुसू का?

इथे पाण्याला म्हणतात डूर.
मला दर वेळी दूर ऐकू येतं.
त्यातल्या डब्ल्यूला टोपी असते.
हा जुना मॅक टोपी काढून शेजारी ठेवतो,
विंडोज टोपीसकट एक माणूस मोजतं,
म्हणून एकाच फोल्डरात दोन डूर,
दिसायला हुबेहूब,
आणि यंत्र शपथेवर सांगतं,
यांची एकमेकांशी ओळख नाही.

गुरुवारी मी आठ ओळींचा प्रोग्रॅम लिहिला.
चालत नाही तिथे खालची रेघ.
टोप्या चिकटव.
दिसत नाही ते काढ.
चहा गार व्हायच्या आत अकराशे चार नावं सरळ झाली.
गिट्टोचं फाटक_
आणि ते नुसतंच:
__

माझ्या एका मावशीचं नाव
लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने लिहिलं: सुनेत्रा.
आधीचं त्याच तांदळांबरोबर शिजलं असणार.
ती गेल्यावर शाळेच्या दाखल्यात सापडलं, द्वारका,
आणि तोवर त्या नावाने तिला हाक मारणारं
कुणीच उरलं नव्हतं.

सकाळी आले तर माझाही एक फोल्डर सरळ झालेला.
टिपणांचा. नाव होतं दऱ्या.
जुन्या सवयीने टाइप केलेलं: र, हलन्त,
आणि मधे तो न दिसणारा सांधा
ज्याच्यावर र ची पापणी टेकते.
प्रोग्रॅमने सांधा उचलला.
उरला दर्या.

हेडविनला फोन केला, कबुली द्यायला.
दऱ्या, दर्या, दोन्हींचा अर्थ सांगितला.
मला वाटलं हसेल.
"माझ्या वाटेवरच्या एका दरीचं तसंच झालं," म्हणाला.
"धरण. पत्ते बदलल्याची पत्रं मीच वाटली."
मग पलीकडे किटली ओरडायला लागली,
ती बंद करून परत आला.
"प्रश्नचिन्हं मात्र परत लाव.
ती चुकून नाहीत.
माहीत नाही, एवढं एकच मला नक्की माहीत होतं."

लावता येत नाहीत, मी म्हटलं.
इथे नाही लावता येत.
"मग कुठे येतात?"

संध्याकाळपर्यंत बसून एक यादी केली,
मॅकवरून पुन्हा सगळी नावं उतरवून.
साधा मजकूर, दोन रकाने.
डावीकडे चालणारं नाव,
उजवीकडे त्याचं:
अवतरणासकट, टोपीसकट, शेवटच्या टिंबासकट.
यादीलाही नाव द्यायला लागतं.
समुद्र खिडकीत राखाडी होत होता.
रोमन अक्षरांत, सगळी लहान,
माहेर असं लिहिलं.
तिन्ही यंत्रांवर नेऊन पाहिली,
तिन्हींवर उघडली.

क्रमाने लावली होती, त्यामुळे
सगळ्यात वर, उजव्या रकान्यात,
??
तो फोटो कशाचा आहे
ते मी अजून पाहिलेलं नाही.